पोरगा रात्रभर फायटर जेट बनवत बसतो, हे व्यसन आहे का?

फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईबाबांचा हमखास प्रश्न असतो, "मॅडम, पोरगा कॉम्प्युटर सोडतच नाही, गेमचं व्यसन लागलंय का?" याचं उत्तर घराघरात वेगळं निघतं, म्हणून एका घराचं सविस्तर सांगते. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कुटुंब मूळचं सत्तरीचं, आता वास्कोकडे राहतं, मुलगा बारावी सायन्सला. आई आल्याआल्याच रडायला लागली. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागतो, केमिस्ट्रीत मार्क घसरले, आणि बघावं तेव्हा स्क्रीनवर लढाऊ विमान, उद्या डोक्यात मारामारीच शिरली तर काय करायचं? शिवाय दाबोळीला नौदलाचा तळ, हा त्याच नौदलाची विमानं काढत बसतो, कुणी पोलिसात कळवलं तर? वडील एवढंच म्हणाले, "लॅपटॉप काढून घेतो, विषय संपला."

मुलाला विचारलं, कुठला गेम खेळतोस रे बाबू? तर तो थोडा चिडूनच म्हणाला, "मी खेळत नाही, बनवतो." मग पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊनच ये म्हटलं. माझा अनुभव असा की मूल काय करतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मत बनवूच नये, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच कुणी केलेलं नसतं.

त्याने दाखवलं ते सी हॅरियर, हवेत एका जागी थांबू शकणारं लढाऊ विमान. आपल्या नौदलाकडे 1983 ला आलं आणि 2016 ला इथेच गोव्यात निवृत्त झालं. फ्लाइटगिअर नावाचा फुकट मिळणारा फ्लाइट सिम्युलेटर आहे, त्यात लोक हौसेने विमानं बनवून टाकतात, पैसे वगैरे काही नाही. बाहेरचा सांगाडा ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रेघारेघांच्या जाळीचा. त्याने एक बटण दाबलं आणि पोटाजवळचे चारही नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडं, मागून खाली वळले. म्हणाला, पुढच्या दोनमधून थंड हवा येते, मागच्या दोनमधून गरम, आणि पायलटकडे थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्याच्या, बाजूलाच एक लिव्हर असतो त्याने चारही एकदम वळतात. मी विचारलं, मग हवेत एका जागी उभं राहतं तेव्हा पंखांचं काय? तर त्याचे डोळेच चमकले, म्हणे तेव्हा पंखांना उचल मिळतच नाही, नेहमीचे कंट्रोल पण चालत नाहीत, म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना बारीक झोत असतात, इंजिनातलीच हवा काढून घेतात, तोल त्यांच्यावर सांभाळायचा. हे सगळं तो एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, आकड्यांच्या तक्त्यांनी बसवत होता, आणि तोल चुकला की विमान उलटं पडायचं. त्यासाठीच तीन वाजायचे. बॉम्बचा तर त्यात पत्ताच नव्हता!

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आपल्या आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी 2022 पासून लागू आहे. त्यात बघतात ते असं की स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेमच मोठा होतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असतं, घर-शाळा-मित्र सगळ्याचा बोजवारा उडालेला असतो. हा मुलगा रविवारी फुटबॉलला जात होता, मित्र होते, जेवायला हाक मारली की कुरकुरत का होईना उठत होता. हे व्यसन नव्हे, असं मी आईला स्पष्ट सांगितलं.

पण झोपेचा प्रश्न खरा होता, तो मी सोडला नाही. गेमची मॅच निदान संपते तरी, मॉडेल कधी संपतच नाही. सांगाडा झाला की रंग, मग कॉकपिटमधलं एकेक घड्याळ, मग आवाज, मग चाकं, आणि प्रत्येक ठिकाणी अजून थोडं बरं करता येतंच. मुलांना हे थांबणं जमत नाही, मोठ्यांनाही कुठे जमतं? म्हणून लॅपटॉप काढून घ्यायला मी साफ नको म्हटलं, मग मुलाने तेच लपूनछपून केलं असतं. त्याऐवजी प्रीलिमपर्यंत फक्त चाकं, कॉकपिटला हात लावायचा नाही, आणि अकरा वाजता लॅपटॉप हॉलमध्ये, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

पोलिसांच्या भीतीबद्दल सांगते. सगळ्यांना खुल्या असलेल्या फोटो-पुस्तकांवरून हौशी मॉडेल बनवण्यात काही वावगं नाही, पण दाबोळीच्या कुंपणाशी जाऊन फोटो अजिबात काढायचे नाहीत, तिथे बंदी आहे. जवळून बघायचंय तर बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे खरं सी हॅरियर उभं आहे. वडील म्हणाले मी नेतो. मग जरा थांबून म्हणाले, दाबोळीजवळच्या चिखलीला असताना आम्ही हे विमान हवेत थांबलेलं बघितलंय, कान फाटायचे. मुलाने लगेच विचारलं, "पपा, तेव्हा नॉझल सरळ खाली होते की थोडे पुढे?" त्या खोलीत दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते.

यातून करिअर होईल का, हे आईने दोनदा विचारलं. मी हो म्हटलं नाही. गणित-फिजिक्सची गोडी त्याला आहे, पुढचं बारावीनंतर बघू.

प्रीलिम झाली, केमिस्ट्री थोडी सुधारली. अकराचे अधूनमधून बारा होतात, त्यावर आई अजून वैतागते. आता येणं बंद करू का विचारत होती, मी म्हटलं बोर्डाची परीक्षा होईपर्यंत महिन्यातून एकदा या, आणि येताना त्याच्या पपांनाही आणा.