‘गप्पा मारणे’ की ‘गप्पा करणे’?

प्रश्न असा आला आहे : मित्रमैत्रिणींच्या एका कंपूत कोणीतरी वयाने मोठ्या असलेल्या सदस्याला ‘काल तुमच्याशी छान गप्पा मारल्या’ असे म्हटले. त्यावर दुसऱ्याने दोन हरकती घेतल्या. पहिली अशी की ‘गप्पा मारणे’ ही हिंदीची नक्कल असून शुद्ध मराठीत ‘गप्पा करणे’ म्हणावे. आणि दुसरी अशी की वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ‘मारणे’ हे क्रियापद शोभत नाही. त्याच ओघात ‘गप्पा झाली’ असे एकवचन चालेल का, हेही विचारले गेले.

पहिली हरकत मला मान्य नाही. ‘गप’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि फारसीतही त्याची सोबत ‘मारणे’ याच अर्थाच्या क्रियापदाशी आहे. तिथे ‘गप ज़दन’ म्हणजे गप्पा मारणे, आणि ‘ज़दन’चा मूळ अर्थ मारणे, ठोकणे असाच आहे. अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानात आजही साध्या बोलण्याला ‘गप’ म्हणतात, आणि उझबेकिस्तानात तर मित्रांनी ठरावीक काळाने आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमण्याच्या बैठकीलाच ‘गप’ असे नाव आहे. हिंदीत ‘गप मारना’ आहे, गुजरातीतही ‘गप्पां मारवां’ आहे. तेव्हा मराठीने हिंदीकडून उसने घेतले असे म्हणण्यापेक्षा हा सगळा एकाच घराण्यातला वारसा आहे असे म्हणणे अधिक योग्य.

शिवाय मराठीला ‘मारणे’ परके नाहीच. आपण हाक मारतो, मिठी मारतो, उडी मारतो, शिट्टी मारतो, फेरी मारतो, आणि यांपैकी एकाही ठिकाणी मारहाणीची छटा कोणाच्या मनात येत नाही. नामाला क्रियेचे रूप देणे एवढेच काम ते क्रियापद तिथे करते. आईने लेकराला मिठी मारली, या वाक्यावर जर कोणी आक्षेप घेत नसेल, तर गप्पांवरच का घ्यावा? ‘गप्पा केल्या’ असे काही भागांत म्हणतात, ते चूक नाही. परंतु ते अधिक शुद्ध आहे म्हणून ‘मारल्या’ खोडून टाकणे मात्र चूक आहे.

क्रियापद बदलले की छटा बदलते, ही या शब्दाची खरी गंमत आहे. गप्पा मारणे निर्हेतुक आणि निरुपद्रवी. गप्पा छाटणे किंवा झोडणे यांत वेळ वाया घालवल्याचा ठपका आहे. गप्पा ठोकणे म्हटले की बढाई आली. क्रियापदाबरोबर विभक्ती बदलली तर अर्थ आणखी दूर जातो. ‘माझ्याशी गप्पा मार’ ही मैत्रीची विनंती आहे, तर ‘मला गप्पा सांगू नकोस’ ही थापेबाजी पकडल्याची ताकीद आहे. ‘-शी’ लागला की बोलणे दोन्ही बाजूंनी चालते, ‘-ला’ लागला की एक जण सांगतो आणि दुसऱ्याने ते गिळावे अशी अपेक्षा असते.

हाच फरक वचनातही दिसतो. एकवचनी ‘गप’ स्त्रीलिंगी आहे आणि तिचा अर्थ अफवा, वावडी किंवा थाप असा होतो : ‘अशी एक गप उठली होती’, ‘ही निव्वळ गप आहे’. मित्रांच्या मोकळ्या बोलण्याला मात्र नेहमी अनेकवचनच लागते. म्हणून ‘छान गप्पा झाली’ हे वाक्य चुकीचे; ‘छान गप्पा झाल्या’ हेच बरोबर. सामान्यरूपात अनुस्वार हवा, म्हणजे ‘गप्पांमध्ये’, ‘गप्पांचा’, ‘गप्पांना’. चकाट्या, कुचाळक्या, टवाळक्या, बाता हे शब्दही आपण बहुधा अनेकवचनातच वापरतो, आणि यात मला भाषेची अचूक नजर दिसते : अशा बोलण्याला एक विषय नसतो, एका गोष्टीवरून दुसरी निघते, आणि मोजायला एक असे काही हाती लागत नाही. मोजायचेच असेल तर ‘गप्पांची बैठक’, ‘गप्पांचा फड’ असे म्हणावे.

मग ‘गप’ येण्याआधी मराठी माणूस काय करत होता? तो गोष्टी करत होता. संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक आणि तिथले संभाषण. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ हे रूप बोलणे या अर्थाने येते. पुढे प्रमाण मराठीत ‘गोष्ट’ मुख्यतः कथा किंवा बाब या अर्थाकडे सरकली, पण विदर्भात ‘काय गोष्टी करून राहिले?’ हा प्रश्न आजही गप्पांबद्दलच असतो. जुन्या-नव्याची ही जोडी ‘गप्पागोष्टी’ या शब्दात टिकली आहे. फारसी आणि संस्कृत कुळांतले जवळपास समानार्थी शब्द शेजारी ठेवण्याची ही रीत ‘कागदपत्र’ आणि ‘बाजारहाट’ यांतही दिसते. ‘गप्पिष्ट’मध्ये तर फारसी नामाला ‘कोपिष्ट’सारखा संस्कृत वळणाचा प्रत्यय लागला आहे, आणि ‘गप्पाष्टक’मध्ये आठ श्लोकांच्या स्तोत्राचे ‘अष्टक’ येऊन बसले आहे. कोकणात मालवणी माणूस ‘गजाली’ मारतो, म्हणजे तिथे नाम वेगळे असूनही क्रियापद तेच आहे. ‘गजालीन घो खाल्लो’ ही म्हण, म्हणजे गप्पांच्या नादात नवराच गमावला, त्या गोडीतल्या धोक्याची जाणीवही करून देते.

आता दुसरी हरकत, म्हणजे आदराचा प्रश्न. इथे आक्षेप घेणाऱ्याचा कान मला तयार वाटतो, जरी कारण त्याने वेगळे दिले असले तरी. अडचण ‘मारणे’ची नसून बरोबरीच्या नात्याची आहे. गप्पा समवयस्कांत होतात. ‘मी तुमच्याशी गप्पा मारल्या’ म्हणताना बोलणारा स्वतःला कर्ता करतो आणि समोरच्याला आपल्या ओळीत बसवतो. मित्राला, बहिणीला, मायेच्या आजीला ते आवडेल. जिथे थोडे अंतर राखायचे आहे तिथे ‘तुमच्याशी छान गप्पा झाल्या’ म्हणावे. त्यात कर्ता मागे राहतो, गप्पा आपोआप घडल्यासारख्या वाटतात आणि मान सांभाळला जातो. औपचारिक कामाविषयी असेल तर ‘बोलणे झाले’ एवढे पुरे. या विशिष्ट प्रसंगात, कंपूतल्या मोकळेपणाचा विचार करता, मूळ वाक्यही मला खटकत नाही.

टंकून केलेल्या संवादाला ‘चॅट’ म्हणावे की ‘गप्पा’, हा उपप्रश्नही त्याच वादात निघाला होता. दोन्ही शब्दांची कामे वेगळी झाली आहेत. ‘रात्री बारापर्यंत गप्पा मारत होतो’ हे बोटांनी मारलेल्या गप्पांनाही चालते, कारण तो शब्द कृतीचा आहे. परंतु ‘मागचे चॅट काढून पत्ता बघ’ या वाक्यात ‘चॅट’ ही मागे उरलेली नोंद आहे, आणि तिथे ‘मागच्या गप्पा काढ’ असे म्हटले तर ऐकणारा पत्ता शोधण्याऐवजी जुन्या आठवणी सांगू लागेल.