‘स्थगिती’समोर कोणता शब्द लिहू?

प्रिय विद्यार्थिनी,

तू मराठी घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि तुला न्यायालयात अनुवादक व्हायचं आहे. त्यासाठी निकाल, आदेश, निवेदनं यांतल्या शब्दांच्या विरुद्धार्थी जोड्या तू पाठ करते आहेस. ‘मंजूर-नामंजूर जमलं, पण स्थगितीसमोर रद्द लिहू की कायम?’ असं तू विचारलंस.

दोन्ही नको. ‘स्थगिती दिली’च्या समोर ‘स्थगिती उठवली’ लिही. समज, एका कर्मचाऱ्याच्या बदलीच्या आदेशाला न्यायालयाने स्थगिती दिली. आदेश तसाच उभा आहे, फक्त त्याची अंमलबजावणी थांबली. उद्या स्थगिती उठली की त्याला नव्या जागी रुजू व्हावं लागेल. तोच आदेश रद्द झाला, तर बदली झालीच नव्हती अशी स्थिती येते. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये श्री चामुंडी मोपेड्सच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. अनुवादात तू ‘स्थगित’च्या जागी ‘रद्द’ लिहिलंस, तर वाचणारा माणूस निर्धास्त होऊन घरी बसेल. म्हणून मला ही चूक शुद्धलेखनाच्या दहा चुकांपेक्षा गंभीर वाटते.

दुसरी जागा याहून निसरडी आहे. ‘दोषी’समोर तू ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष’ दोन्ही लिहिले आहेस. बातम्यांत ‘दोषमुक्तीचा अर्ज’ येतो तो आरोपनिश्चितीच्या, म्हणजे न्यायालय आरोपीवरचे आरोप ठरवतं त्या टप्प्याच्या, आधीचा: खटला चालवण्याइतकंही साहित्य नाही, म्हणून आरोपीला सोडा, अशी ती मागणी असते. ‘निर्दोष मुक्तता’ होते ती खटल्याच्या निकालात. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. दोषमुक्ताला हे संरक्षण नसतं. नवा पुरावा आला तर तो पुन्हा आरोपी होऊ शकतो. शिवाय कायद्याच्या मराठी अनुवादांत हेच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतात, तेव्हा खटला कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी बघ आणि मगच शब्द निवड.

निवेदनांचंही तसंच. ‘दुजोरा’च्या समोर ‘खंडन’ बरोबर आहे. पण खात्याने ‘दुजोरा देण्यास नकार दिला’ म्हणजे खंडन केलं असं नाही. खातं गप्प राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. ‘अंतरिम-अंतिम’, ‘एकमताने-बहुमताने’ या जोड्या सोप्या आहेत, त्यांवर वेळ घालवू नकोस.

करिअरचं म्हणशील, तर तू निवडलेली वाट मला मनापासून आवडली. उच्च न्यायालय आणि भाषा संचालनालय इथे अनुवादकांची पदं असतात. पात्रता त्या त्या जाहिरातीत नीट वाच. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आजच हाताशी ठेव. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद 2019 पासून त्यांच्या संकेतस्थळावर येतात. रोज एक पान मूळ इंग्रजीशी ताडून वाच. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी झेपणार असेल तर जरूर कर. त्याने या कामात तुझा हात पक्का होईल. पण त्यासाठी अनुवादाचा सराव थांबवू नकोस.

वहीत आता जोडीऐवजी तीन रकाने पाड: शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि त्या आदेशानंतर माणसाचं काय होतं. ‘फेटाळला’, ‘निकाली काढला’ आणि ‘मागे घेतला’ या तिघांपासून सुरुवात कर. अर्ज तिन्ही वेळा संपतो, पण तिसरा रकाना तिन्ही वेळा वेगळा भरावा लागेल. भरून झाला की मला पाठव.