उभ्या गाडीचं भाडं: नाताळच्या सहलीवर तुमचे प्रश्न

ताई, आम्ही सहा जण: मी, मिस्टर, 8 आणि 11 वर्षांची मुलं, 76 वर्षांचे सासरे आणि 70 च्या आत्याबाई. मालवणला दोन मुक्काम करायचे होते. सातसीटर गाडीचं भाडं ऐकून बेतच मोडायची पाळी आली. एसटीनं म्हाताऱ्या माणसांना न्यायला मिस्टर तयार नाहीत. (राजारामपुरी)

बेत मोडू नका, गाडी तेवढी सोडा. भाड्याच्या गाड्यांचा हिशोब बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान 300 किलोमीटरचा असतो. गाडी तेवढी फिरो न फिरो, पैसे तेवढ्याचे. मालवण आपल्या कोल्हापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन 300, तिथलं इकडंतिकडं 50. गाडी फिरणार 350 आणि तुम्ही तीन दिवसांचे पैसे मोजणार 900 चे. किलोमीटरला समजा 15 रुपये ठरले, तर 13,500 रुपये. त्यातले 8,250 रुपये गाडी मुक्कामाच्या दारात उभी राहिल्याचे! ड्रायव्हरचा भत्ता आणखी वर.

आता एसटीचा हिशोब करू. सासरे 75 च्या पुढचे, त्यांना तिकीट नाही. आत्याबाईंना अर्धं, तुम्हाला महिला म्हणून अर्धं. मुलं 5 ते 12 मधली, त्यांना अर्धं-अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं. माणसं सहा आणि तिकिटं तीन. मोठ्यांची आधार कार्डं मात्र वरच्या पिशवीत ठेवा, तळातल्या बॅगेत नकोत.

मिस्टरांची काळजी खोटी नाही. फोंडा घाटात मागच्या सीटवर बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. म्हणून आरक्षण लवकर करा आणि पुढच्या चाकाच्या मागच्या, मधल्या रांगेतल्या सीटा घ्या. निघताना मिसळ-वडा नको. दहीभात किंवा पोळी-भाजी खाऊन निघा, आलेपाक जवळ ठेवा. गाडी सकाळचीच धरा, म्हणजे दुपारी पोहोचून मोठ्यांना पाठ टेकता येईल.

राहायला खोली मालवण गावातच, धक्क्यापासून चालत जाता येईल अशी बघा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर राहिलात की जेवायला, बाजाराला, दर खेपेला रिक्षा लागते. एक दिवस रिक्षानं तारकर्ली करा, दुसरा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या. होडीत चढ-उतार करताना गुडघ्यांवर जोर येतो. सासऱ्यांना जमत नसेल तर आग्रह करू नका. मुलांना मात्र तिथल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी दाखवाच. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. महाराजांनी 1664 मध्ये हे बेट का निवडलं, ते पुस्तकापेक्षा त्या विहिरीत डोकावल्यावर जास्त कळतं.

हातात 3,000 रुपये आहेत, माणसं चार. एवढ्यात कुठं जायचं? मुलं म्हणतात, वर्गातली सगळी गोव्याला निघालीत. (कसबा बावडा)

दादा, या दिवसांत आपल्या भागात जे असतं ते गोव्यात नसतं: उसाच्या रसाचा गूळ करणारं चालू गुऱ्हाळ. ओळखीपाळखीनं चौकशी करा. पन्हाळ्याच्या बाजूच्या गावांत अजून गुऱ्हाळं आहेत, पण दरवर्षी एखादं बंद पडतंय. माझा जीव त्यानं तुटतो. म्हणून हे आधी दाखवा.

सकाळी लवकर जा. चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस, वर भली मोठी काहील, म्हणजे पसरट कढई, तिच्यात रटरटणारा रस. भेंडीचं पाणी पडलं की मळी फेस होऊन वर येते आणि झाऱ्यानं काढतात. मग रस पिवळा, तांबूस, दाट होत जातो. गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत धरून गोळी वळतेय का बघतो. त्याच्या हाताला ते क्षणात कळतं; क्षण चुकला की अख्खं आधण बिघडतं. आमचा भाचा तीन तास हलला नव्हता. दोन गोष्टी पाळा: पोरांना काहिलीच्या कडेला जाऊ देऊ नका आणि रस प्यालात, काकवी घेतलीत तर पैसे द्या, पाहुणचार म्हणून फुकट घेऊ नका.

तिथून एसटीनं पन्हाळा. अंबरखाना, अंधारबाव, तीन दरवाजा पायी होतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं शिवरायांच्या काळातल्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत पन्हाळाही आहे, हे मुलांना जाताना सांगा. गडावर झुणका-भाकरी खाऊन संध्याकाळी परत या. मुक्काम नाही, म्हणजे 3,000 तले बरेचसे शिल्लक राहतील.

कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणे. मग विजापूर स्वस्तात होईल का? (गडहिंग्लज)

फुकट प्रवास कर्नाटकात राहणाऱ्या बायकांनाच आहे, पत्त्याचा पुरावा लागतो. आपल्या एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलतही राज्याच्या हद्दीपर्यंतच. तेव्हा पूर्ण भाडं धरूनच हिशोब मांडा. तरीही जा. गोलघुमटाला 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. दार उघडल्या उघडल्या आत शिरा. गर्दी झाली की जो तो ओरडतो आणि घुमटाखालच्या गोल सज्जातली कुजबूज पलीकडच्या बाजूला ऐकू येण्याची गंमत जाते. आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

खोली फोनवर ठरवली. मालक पूर्ण पैसे आधीच मागतोय. द्यावेत का? (शाहूपुरी)

नाही. माझ्याच बहिणीनं एकदा सगळे पैसे भरले आणि फोटोतली समुद्राकडची खोली प्रत्यक्षात दुकानामागची निघाली. भांडायला हातात काहीच उरलं नव्हतं. एक तृतीयांशापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. चहा, गरम पाणी, जादा गादी धरून दर किती, हे मेसेजवर लिहून घ्या. आणि तारखा हलवता येत असतील तर 24 डिसेंबर ते 1 जानेवारी सोडा. शाळेची सुट्टी 20-21 ला लागत असेल तर लागलीच निघा. तीच खोली, तोच मालक, आणि दर आपल्या आवाक्यातला.

जावेची मुलं इंग्रजी माध्यमात, त्यांना आठ दिवस सुट्टी. आमची मराठी शाळेत, त्यांना फक्त 25 तारीख. सगळ्यांना एकत्र कुठं न्यावं? (शिरोळ)

घराजवळच आहे की, खिद्रापूर! डबे बांधा, सकाळी निघा, वाटेत नृसिंहवाडी करा. फक्त दिनदर्शिकेत दत्तजयंती बघून घ्या. त्या सुमारास वाडीत पाय ठेवायला जागा नसते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाला मधोमध गोल उघडं आभाळ आहे. दुपारी बारा-साडेबाराला तिथं उभे राहा, उन्हाचा तुकडा खांबांवरून कसा सरकतो ते दिसेल. मुलांना दोन कामं द्या: 48 खांब मोजायचे आणि महादेवासमोरचा नंदी शोधायचा. खांब सापडतील. नंदी सापडणार नाही, कारण तो नदीपलीकडे यडूरला आहे.