नवीन कॅमेऱ्यावर पक्ष्यांचे फोटो धूसर येतात, फोकस कसा सुधारावा?

तुम्ही विचारलंय की निकॉन डी3500 कॅमेरा आणि 70-300 मिमीची झूम लेन्स घेऊन दोन महिने झाले, दर रविवारी नागपुरातल्या अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावावर पक्षी टिपायला जाता, पण दहातले आठ फोटो धूसर येतात. लेन्स खराब आहे का, बदलून घ्यावी का? आणि फोटो इतरांना दाखवायचे कसे?

लेन्स बदलायची घाई करू नका. आणि आजपासून ते आठ फोटो डिलीट करणं थांबवा. मी हाच कॅमेरा चार वर्षं वापरलाय. फोकसबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते बिघडलेले फोटो चारचौघांना दाखवल्यामुळे कळलं.

धूसर फोटो लॅपटॉपवर पूर्ण मोठा करा आणि त्यात स्पष्ट काय आलंय ते शोधा. बहुतेक वेळा काहीतरी स्पष्ट असतंच. मागच्या बाभळीचा काटान् काटा दिसतोय आणि पक्षी मऊ आहे, म्हणजे फोकस बाभळीवर गेला. फांदी स्पष्ट पण पक्ष्याचं डोकं फराटलेलं, म्हणजे पक्षी हलला आणि शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून मिटतं तो वेग) कमी पडला. फोटोतलं सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसतंय, म्हणजे तुमचा हात हलला. नव्या माणसाच्या फोटोंत हे दोन शेवटचे प्रकार मला सगळ्यात जास्त दिसतात, आणि त्यांचा फोकसशी काही संबंध नसतो. लेन्स 300 मिमीवर असताना तुमच्या सेन्सरचा दीडपटीचा हिशोब धरला (300 च्या दीडपट 450) तर शटर स्पीड निदान 1/450 सेकंद तरी हवा. मी बसलेल्या पक्ष्याला 1/1000 आणि उडत्याला 1/2000च्या आसपास ठेवतो, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी चालेल. फोटोतला रवाळपणा नंतर बराच कमी करता येतो, हललेला पक्षी दुरुस्त होत नाही. लेन्सवर व्हीआर (कंप कमी करणारी सोय) असेल तर तो हाताचा कंप सांभाळतो, पक्ष्याची हालचाल नाही.

आता खरा फोकस. तुमच्या कॅमेऱ्यात 11 फोकस पॉइंट आहेत, म्हणजे चौकटीतल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरू शकतो त्या. त्यातला फक्त मधला आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखतो, बाकीचे एकाच दिशेच्या. ऑटो-एरियावर ठेवलं की कॅमेरा स्वतः पॉइंट निवडतो, आणि झाडात बसलेल्या पक्ष्याऐवजी पुढची काडी पकडून बसतो. म्हणून सिंगल पॉइंट, मधला, आणि तो डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर शेपूट मऊ आली तरी फोटो जिवंत वाटतो. पाच मीटरवरचा पक्षी 300 मिमीवर, एफ/6.3ला (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा) टिपताना स्पष्ट राहणारी जागा जेमतेम 6-7 सेंमी असते. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर छातीवर फोकस केल्यावर चोच हातची जाऊ शकते.

फोकसचा मोड एएफ-सी ठेवा, म्हणजे कॅमेरा हलत्या पक्ष्यावर सतत फोकस करत राहतो. मग एक बदल करा, ज्यानं माझी फोटोग्राफी खरोखर बदलली: मेनूत जाऊन मागच्या एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन, म्हणजे फोकस सुरू करायचं काम, नेमून द्या. आता फोकस अंगठ्याकडे आणि शटर तर्जनीकडे. पक्षी बसलाय तर अंगठा उचलला की फोकस तिथंच थांबतो, उडाला तर अंगठा दाबून धरायचा. पहिले आठ-दहा दिवस बोटं गोंधळतात, सोडून द्यावंसं वाटतं. सोडू नका. आणि मोबाइलची सवय असेल तर स्क्रीनवर बघून पक्षी टिपायचा मोह टाळा. या कॅमेऱ्याचा लाइव्ह व्ह्यूतला, म्हणजे स्क्रीनवर बघतानाचा, फोकस संथ आहे. डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावा.

सरावाला वेड्या राघूसारखा (छोटा हिरवा पक्षी) गुरू नाही. तो तारेवरून किंवा फांदीवरून झेप घेतो, हवेतच किडा पकडतो आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येतो. तो उडाला की त्याच्या मागे कॅमेरा फिरवू नका. रिकाम्या फांदीवर फोकस धरून थांबा. तो परत टेकतो तो क्षण मिळवायला मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आणि चोचीत चतुर घेतलेला तो फोटो आजही माझ्या घरात भिंतीवर आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या नागपूरचीच आहे, ती कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सापडणार नाही. एका मे महिन्यात गोरेवाडा तलावावर मी शेकाट्याचे (लांब पायांचा पाणपक्षी) दोनेकशे फोटो काढले. एकही धड नाही. मी लेन्स तपासायला दिली, पैसे भरले, ती ठणठणीत निघाली. मग रविवारी तर्री-पोह्यांच्या गाड्यावर ते फोटो आमच्या पक्षी बघणाऱ्या गटातल्या एका काकांना दाखवले. त्यांनी लेन्सबद्दल काहीच विचारलं नाही.

"किती वाजता काढले बाप्पा हे?"

"साडेनऊ."

"अन् पक्षी किती दूर होता?"

"पन्नास-साठ मीटर असंल."

"मंग लेन्सले कायले दोष देता? ह्या झळा आहेत."

तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो, आणि लांबच्या पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. फोकस कितीही अचूक असला तरी इलाज नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात मी सूर्य उगवायच्या आधी तळ्यावर असतो, आठच्या आत कॅमेरा पिशवीत, आणि उशीर झालाच तर फक्त जवळचे पक्षी. तुमचे धूसर फोटो किती वाजताचे आहेत ते बघा. पावसाळ्यात उलटं होतं. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर दमट हवेचं धुकं बसतं. पिशवीची चेन लावलेलीच ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या.

फोटो दाखवायचे कसे, हेही तुम्ही विचारलंय. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवलात तर तो दाबला जातो, स्पष्ट फोटोही मऊ दिसतो आणि शटर, आयएसओ वगैरे नोंदी गळून पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे समोरच्याला आकडे दिसतील. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ मोफत मिळतं, त्यात फोकस पॉइंट नेमका कुठे होता तेही दिसतं. "कसा वाटला?" असं विचारू नका. लोक छान म्हणतात आणि पुढे जातात. "फोकस कुठे गेला?" असं विचारा, मग लोक खरंच फोटो मोठा करून बघतात. घरट्याचे फोटो मात्र कुणालाही जागेसकट पाठवू नका. गर्दी झाली की आई-बाप घरटं सोडून जाऊ शकतात, हे आमच्या गटात सगळे कटाक्षानं पाळतात.

आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी अंबाझरीच्या काठावर असतो. दुर्बिणी आणि कॅमेरे गळ्यात असलेली माणसं लगेच ओळखू येतात. याल तेव्हा कार्ड रिकामं करून येऊ नका, त्या आठ धूसर फोटोंसकट या.