बॅटरीआधी पॉलिसीचा फॉर्म बघा

नाशिकहून एका वडिलांचं पत्र आहे. सतरा वर्षांच्या मुलीला आनुवंशिक डिस्टोनिया (डीवायटी-१; यात स्नायू आपोआप पिळवटतात), डॉक्टरांनी डीबीएस, म्हणजे मेंदूत तारा बसवून छातीतल्या बॅटरीने करंट द्यायचं ऑपरेशन, सुचवलंय. साध्या बॅटरीसह ११ लाख, रिचार्जेबलसह १५. ‘साधी घेऊन वाचलेले चार लाख एसआयपीत टाकू का? गेल्या वर्षी दहा लाखांची फॅमिली पॉलिसी घेतलीय, एजंटने आजार लिहू नका म्हणून सांगितलं. जूनमध्ये तिला कॉलेजला पाठवायचंय.’

रिचार्जेबल घ्या. डिस्टोनियात करंट जास्त लागतो, साधी बॅटरी तीनेक वर्षं धरा. बदलायला पाच लाख. तुमचे चार लाख १२ टक्क्यांनी तीन वर्षांत ५.६ होतील, पहिल्याच बदलीत संपले. बाजार पडला म्हणून बॅटरी थांबत नाही, ती बंद पडली की पीळ परत येतो आणि कधी थेट आयसीयू गाठावं लागतं. मात्र छातीवर चार्जर लावून नियमित बसायची मुलीची तयारी हवी.

खरी चूक पॉलिसीत आहे. ते दहा लाख मिळतील असं धरूच नका. केस पेपरवर पहिली ओळ असेल, ‘नवव्या वर्षापासून पाऊल आत वळते’. टीपीए, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणारा मध्यस्थ, तीच वाचतो. क्लेम नाकारला जाईल, पॉलिसी रद्द झाली तर पत्नीचं आणि मुलाचं कव्हरही जाईल. ‘पाच वर्षांनी कोणी विचारत नाही’ हे एजंटचं म्हणणं चूक आहे: ६० महिन्यांनंतरही फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम अडतो. फॉर्मवर सही तुमची आहे, त्याची नाही.

याच आठवड्यात निदानाची तारीख आणि जीन रिपोर्ट जोडून कंपनीला लेखी कळवा. प्रीमियम वाढेल, तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागेल, कदाचित पॉलिसी जाईलही. जायची असेल तर आत्ता जाऊ दे, मुलासाठी खरं लिहून नवीन घेता येईल.

ऑफिसचा पाच लाखांचा ग्रुप विमा तुम्ही एका ओळीत उरकलात. तिथे जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून चालतो. विमा नियामक इर्डाच्या २०१९ च्या नियमांनुसार डीबीएस वगळता येत नाही, पण उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती कमी रकमेची मर्यादा, घालता येते. एचआरकडून ती लेखी घ्या, तोवर अडीच लाखच धरा. उरलेले साडेबारा: एफडीतले नऊ, बाकी गोल्ड लोन.

आणि जूनचं कॉलेज धरून चालू नका. ऑपरेशननंतर झटके आधी कमी होतात. पायाचा पीळ सुटायला महिने, कधी वर्ष लागतं. प्रोग्रामिंगच्या, म्हणजे करंट कमी-जास्त करून बघायच्या, फेऱ्या होत राहतील, त्यासाठी दीड लाख वेगळे बचत खात्यात ठेवा. गोल्ड लोन तेवढं जास्त काढा.