पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय आणि बूट काढले की खोलीभर वास, मेडिकलमधून काय घेऊ?

माझं तासगावात मेडिकल आहे, हा प्रश्न काउंटरवर कायम येतो, तो पण मागे उभा असलेला गिऱ्हाईक गेल्यावर हळू आवाजात. तुम्ही लिहिलंय की कुपवाड एमआयडीसीत दिवसभर सेफ्टी शूज, पाहुण्यांच्या दारात बूट काढायची लाज वाटते, आणि गोळ्या घेतल्या तर लिव्हर जातं म्हणतात ते खरं का.

पहिली गोष्ट, नख आणि वास ही बहुतेक वेळा दोन वेगळी दुखणी असतात आणि लोक दोन्हीला एकच क्रीम मागतात. घामाला स्वतःचा असा वास नसतो, बुटात कोंडलेल्या घामावर आणि मेलेल्या कातडीवर बॅक्टेरिया वाढतात आणि ते जे आयसोव्हॅलेरिक ॲसिड वगैरे तयार करतात त्याचा तो आंबूस वास. आज ड्युटीवरून आल्यावर पाय ओला असतानाच तळवा उजेडात धरून बघा, टाचेवर आणि चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे दिसतायत का. दिसले तर ते पिटेड केराटोलिसिस, बॅक्टेरियाचं काम, त्याला क्लिंडामायसिनसारखं लावायचं औषध डॉक्टर देतात आणि काही आठवड्यात फरक पडतो, तो वास मग जातोच. खड्डे नसतील तर नुसता घाम जास्त आहे, रात्री कोरड्या तळव्याला ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन लावायचं. कॉटनचे मोजे दोन जोड न्या, जेवणाच्या सुट्टीत बदला. कंपनी बूट एकच जोड देते हे माहितीय, पण आतला सोल काढून रात्रभर फॅनखाली ठेवायला काय जातंय? आणि बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा राव, पावसाळ्यात चिखल्या तिथनंच सुरू होतात आणि तीच बुरशी पुढं नखात शिरते.

आता नख. मी स्वतः औषध विकतो तरी सांगतो, आधी टेस्ट करा. असं जाड पिवळं दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्या नखांत बुरशी नसतेच, सोरायसिस हा कातडीचा आजार असतो नाहीतर बूट पुढनं घट्ट असल्यामुळं नखाला रोज मार बसत असतो, तुमच्या बुटाला तर पुढं स्टीलची टोपी आहे. सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजला स्किन ओपीडीत दाखवा, नखाखालचा पांढरा भुगा खरवडून घेतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, बस एवढंच. जायच्या आधी काही लावत असाल तर किती दिवस बंद ठेवायचं ते विचारून घ्या, नाहीतर बुरशी असून रिपोर्ट निल येतो.

बुरशी निघाली तर गोळी म्हणजे टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम, रोज एक, पायाच्या नखाला 12 आठवडे. लिव्हरचं म्हणाल तर त्रास होतो पण क्वचित, म्हणून आधी एसजीपीटी वगैरे लिव्हरच्या टेस्टसाठी रक्त तपासतात, आणि ज्याला लिव्हरचा आजार आहे किंवा रोजची पिण्याची सवय आहे त्यानं डॉक्टरला ते लपवायचं नाही. काहींची तोंडाची चव जाते. दुसरी गोळी इट्राकोनाझोल, ती हार्ट फेल्युअरवाल्यांना चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबरही घ्यायची नसते. थोडक्यात, चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार पण नाही.

खरी भांडणं पुढं होतात. गोळ्या संपल्या तरी नख तसंच, म्हणून लोक रिकामी स्ट्रिप काउंटरवर आपटतात. अहो अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, खराब झालेलं नख परत चांगलं होत नाही, ते पुढं सरकून कापूनच टाकावं लागतं, पूर्ण नवीन यायला 12 ते 18 महिने. सोपी युक्ती सांगतो, खराब भाग मुळाकडं जिथं संपतो तिथं कानशीनं एक बारीक आडवी रेघ मारून ठेवा, रेघ पुढं गेली आणि तिच्या मागनं स्वच्छ नख येतंय म्हणजे औषध लागू पडतंय. पिवळेपणाच रेघ ओलांडून मागं यायला लागला तर परत दाखवा.

नुसतं टोक खराब असेल तर आठवड्यातून एकदा लावायचं अमोरोलफिनचं, म्हणजे बुरशीच्या औषधाचं नेलपॉलिश चालतं, आधी नख घासून पातळ करून, पण ते पण वर्षभर नेटानं. लेझरवर मी पैसे घालणार नाही, महाग आहे आणि खात्रीचा पुरावा कमी.

हळद-तेल, मेंदी, व्हिनेगर सगळे विचारतात. मेंदी चिखल्यांना आपल्याकडं पूर्वीपासून लावतात, लावा, पण नखाच्या आत यातलं काही पोचत नाही. आणि ती स्टेरॉइड घातलेली तीन-चार औषधांची मिक्स ट्यूब अजिबात नको, दोन दिवसात खाज थांबते आणि आत बुरशी पसरत राहते, गजकर्ण हल्ली साध्या औषधाला दाद देत नाही त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे असं माझं मत.

घरात नेलकटर आणि टॉवेल वेगळा ठेवा. शुगर असेल तर मात्र यातलं काहीच घरी करत बसू नका, ब्लेडनं नख कोरणं आणि गरम पाण्यात पाय बुडवणं तर नाहीच, सरळ पाय दाखवायला जा.