पापणी डोळ्यावर आलीय, ऑपरेशनने नजर सुधारेल का?

प्रश्न : आईचं वय ६८. दोन-तीन वर्षांत दोन्ही पापण्या खाली आल्यात, उजवी जास्तच. टीव्ही बघताना हनुवटी वर करून बसते, पेपर वाचताना बोटाने पापणी उचलून धरते आणि कपाळ दुखतं म्हणते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय पण घरात सगळे म्हणतात या वयात सुंदर दिसायला कशाला कापाकापी. खरंच काही फरक पडतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, हे सुंदर दिसण्यासाठी अजिबात नाहीये, तुमच्या आई पापणी उचलायला दिवसभर कपाळाचे स्नायू ताणतायत आणि मान मागे टाकतायत, म्हणून तर कपाळ दुखतं. वयानुसार पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल होते. पापणीची कड बाहुलीच्या मध्यापासून साधारण ४-५ मिमी वर असायला हवी, ती २ मिमीच्या आत आली की वरची नजर झाकली जाते, म्हणजे सिग्नल, बसची पाटी, वरच्या फळीवरचा डबा. वाचताना आपण खाली बघतो तेव्हा पापणी अजून उतरते, त्यामुळे पेपर वाचणंही अवघड जातं. डॉक्टरांना फील्ड टेस्ट (समोर बघताना वर-खाली, बाजूला किती दिसतं ती तपासणी) दोनदा करायला सांगा, एकदा तशीच आणि एकदा पापणी टेपने वर चिकटवून, फरक घरच्यांना कागदावरच दिसेल.

ऑपरेशननंतर ही वरची नजर परत मिळते, मान-कपाळाचा ताण जातो, आणि जिना उतरताना, रस्ता ओलांडताना जो धीर येतो ना तो मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पण मोतीबिंदू किंवा पडद्याचा त्रास असेल तर तो याने जाणार नाही, तो आधी तपासून घ्या. चष्म्याचा नंबरही थोडा हलू शकतो, म्हणून नवा चष्मा दोन-तीन महिन्यांनीच करा.

मोठ्या माणसांत हे बहुतेक वेळा फक्त जागेवर भूल देऊन करतात, मधेच उठून बसवून दोन्ही पापण्यांची उंची बघतात. सूज, काळं-निळं एक-दोन आठवडे राहतं. डोळे कोरडे पडणं, सुरुवातीला झोपेत पापणी पूर्ण न मिटणं हे होऊ शकतं, त्यासाठी थेंब आणि मलम देतात. एकच पापणी उचलली तर कधीकधी दुसरी अजून खाली येते, हे आधीच विचारून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगाच, स्वतःहून बंद करू नका.

पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी खूप पडत असेल तर आधी मायस्थेनियाची तपासणी हवी, तो स्नायूंचा आजार आहे आणि त्याला आधी औषधं लागतात. आणि कुणाचीही पापणी अचानक पडली, सोबत दोन-दोन दिसायला लागलं, डोकं जोरात दुखलं किंवा एक बाहुली मोठी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा, तिथे एक तासही वाया घालवू नका.

मेडिक्लेम असेल तर ऑपरेशनच्या आधीचे फोटो आणि फील्ड टेस्टचे रिपोर्ट जपून ठेवा, कॉस्मेटिक म्हणून क्लेम नाकारला तर तेच दाखवावे लागतात.